पोल टाकण्याआधी ठरवा, मतं मोजायची कशी?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये असाल तर जागा मिळेपर्यंत नुसतं ऐका, घरी असाल तर एक कागद-पेन जवळ ठेवा. आज थोडी आकडेमोड आहे. बेरीज-वजाबाकी येत असेल तर पुरे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. राहते वलवणला, म्हणजे लोणावळ्यात धरणाच्या बाजूला. गेले काही महिने शनिवार-रविवारी मी एक छोटं ॲप लिहितेय. सोसायटी, गणेश मंडळ, ट्रेकचा ग्रुप, बचत गट, अशा छोट्या गटांना एकत्र बसून निर्णय घेता यावा, एवढंच त्याचं काम. लॉगिन झालं, नोटिफिकेशन झालं, मराठी फॉण्टसुद्धा नीट दिसायला लागला. मग आलं ते फंक्शन, ज्याला सगळ्यांची मतं द्यायची आणि त्याने सांगायचं की कोण जिंकलं.

कोड म्हणाल तर दहा-पंधरा ओळींचा. पण त्या ओळींमध्ये नक्की काय लिहायचं, यावर फ्रान्समधल्या बोर्दा आणि काँदोर्से या दोघांपासून, म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं, वाद चालू आहे. आपण मात्र रोज व्हॉट्सॲपवर पोल टाकतो आणि 'ज्याला जास्त मतं, तो जिंकला' म्हणून मोकळे होतो. आजचा मुद्दा हाच आहे. मतं तीच ठेवून मोजायची पद्धत बदलली, तर निकाल बदलू शकतो. आणि पद्धत कोणती, हे बहुतेक वेळा कुणीच ठरवलेलं नसतं.

चोवीस फ्लॅट, एक फंड

एक उदाहरण घेऊ. हे मी बनवलेलं आहे, पण वलवण, तुंगार्ली भागात राहणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

समजा, चोवीस फ्लॅटची जुनी इमारत आहे. चार मजले, लिफ्ट नाही. दहा फ्लॅट मुंबई-पुण्याच्या लोकांचे, ते शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी संध्याकाळी कुलूप लावून जातात. उरलेले चौदा कायम राहणारे. त्यातले आठ वरच्या मजल्यांवर, बहुतेक घरांत म्हातारी माणसं. सहा खालच्या मजल्यांवर.

सोसायटीच्या फंडात एकाच कामापुरते पैसे आहेत आणि कामं तीन. एक, लिफ्ट. दोन, गेट आणि सीसीटीव्ही. तीन, गच्चीवर पत्र्याची शेड. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा शेड का लागते हे सांगायला नको. भिंतींना ओल आली की ती खालच्या मजल्यापर्यंत उतरते.

आता पसंती बघा. लिहून घ्या.

वीकेंडवाले दहा: आधी सीसीटीव्ही, मग शेड, शेवटी लिफ्ट.

वरच्या मजल्यांवरचे आठ: आधी लिफ्ट, मग शेड, शेवटी सीसीटीव्ही.

खालचे सहा: आधी शेड, मग लिफ्ट, शेवटी सीसीटीव्ही.

पहिली पद्धत, आपली नेहमीची. प्रत्येकाने एकच मत द्यायचं. सीसीटीव्ही दहा, लिफ्ट आठ, शेड सहा. सीसीटीव्ही जिंकला. पण थांबा. चोवीसपैकी चौदा लोकांनी सीसीटीव्ही शेवटच्या नंबरवर टाकलाय. म्हणजे बहुसंख्य लोकांना जे सगळ्यात नको होतं, तेच जिंकलं. विरोधातली मतं लिफ्ट आणि शेडमध्ये विभागली, बस्स. निवडणुकीत 'मतं खाल्ली' म्हणतो ना आपण, तेच हे.

दुसरी पद्धत, फेऱ्यांची. सगळ्यात कमी मतं ज्याला, तो बाद, आणि त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीला जातात. सगळ्यात कमी कोणाला? शेडला, सहा. शेड बाद. त्या सहा जणांची पुढची पसंती लिफ्ट. आठ अधिक सहा, चौदा. लिफ्ट चौदा, सीसीटीव्ही दहा. लिफ्ट जिंकली.

तिसरी पद्धत, जोडीजोडीने. कबड्डीच्या साखळी सामन्यांसारखं, प्रत्येक पर्यायाचा प्रत्येकाशी सामना लावायचा. शेड विरुद्ध सीसीटीव्ही: चौदा विरुद्ध दहा, शेड जिंकली. शेड विरुद्ध लिफ्ट: वीकेंडवाले दहा आणि खालचे सहा शेडला लिफ्टच्या वर ठेवतात, म्हणून सोळा विरुद्ध आठ. पुन्हा शेड. जो पर्याय प्रत्येक सामना जिंकतो तो विजेता, ही कल्पना काँदोर्सेची, १७८५ सालची.

माणसं चोवीसच, त्यांच्या मनातलं एका अक्षराने बदललेलं नाही, आणि तीन पद्धतींनी तीन वेगळे विजेते आले. उद्या सेक्रेटरी म्हणाले, "मतदान झालंय, लोकांनी ठरवलंय," तर त्यातलं किती लोकांनी ठरवलं आणि किती मोजणाऱ्याने?

हे फक्त माझ्या उदाहरणातलं कोडं नाही. १९५१ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने गणिताने सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले आणि लोक पसंतीक्रम देत असले, तर आपल्याला साध्या, योग्य वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी एकही पद्धत असू शकत नाही. आपल्या अमर्त्य सेन यांनी पुढे याच विषयावर मोठं काम केलं, त्यांचं सामूहिक निवडीवरचं पुस्तक १९७० सालचं. इंजिनिअर म्हणून मला यातून एक गोष्ट कळली: परफेक्ट अल्गोरिदम शोधत बसू नका, तो नाहीये. कोणती पद्धत कुठे बिघडते हे बघा आणि आपल्या गटाला कुठला बिघाड चालेल ते ठरवा.

व्हॉट्सॲपचा पोल नक्की काय करतो?

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येऊ. व्हॉट्सॲपवर पोल आले २०२२च्या अखेरीस. जास्तीत जास्त बारा पर्याय देता येतात. तुम्ही काही बदललं नाही, तर एका माणसाला एकापेक्षा जास्त पर्यायांवर टिक करता येतं. एकच मत द्यायची सोय नंतर, २०२३ मध्ये आली, आणि त्यासाठी ते बटण बंद करावं लागतं.

एकापेक्षा जास्त टिक चालतात, या पद्धतीलाही नाव आहे. आपण तिला 'मान्यता मतदान' म्हणू. 'यातलं काय काय चालेल?' असा तिचा प्रश्न. पद्धत चांगली आहे, मतं विभागली जात नाहीत. पण आपल्या चोवीस फ्लॅटमध्ये लावून बघा. प्रत्येकाने दोन-दोन टिक केले तर शेडला चोवीसपैकी चोवीस. वीकेंडवाल्यांनी हुशारी केली, फक्त सीसीटीव्हीवर टिक केलं आणि बाकीच्यांनी दोन-दोन केले, तर लिफ्ट चौदा, शेड चौदा, बरोबरी. सगळ्यांनीच एक-एक टिक केलं, तर पुन्हा सीसीटीव्ही. म्हणजे 'चालेल' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने काय घेतला, यावर निकाल लटकलेला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे मतदान चालू असतानाच आकडे दिसतात, आणि कुणी काय टिक केलं तेही दिसतं. अध्यक्षकाकांनी पहिलं टिक केलं की पुढच्या पाच जणांचा अंगठा तिकडेच जातो. भाड्याने राहणारा मुलगा घरमालकाच्या विरोधात टिक करेल का? नवीन सून सासऱ्यांच्या विरोधात? ट्रेक कुठे न्यायचा याला हे चालतं. पैशाचा आणि माणसांचा प्रश्न असेल तर चालत नाही.

दहा दिवसांत दोन निवडणुका

मत दिसणं आणि न दिसणं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण २०२२च्या जूनमधलं आहे. राजकारण बाजूला ठेवून फक्त यंत्रणा म्हणून बघूया. पसंतीक्रमाचं मतदान प्रत्यक्षात कसं चालतं, तेही यातच समजेल.

१० जून २०२२. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागा, उमेदवार सात, मतदार म्हणजे आपले आमदार. वैध मतं २८४. इथे आमदार उमेदवारांना क्रमांक देतो, एक, दोन, तीन. मोजताना प्रत्येक मताची किंमत शंभर धरतात. एकूण २८,४००. जिंकायला लागणारा कोटा कसा काढतात? एकूण किमतीला जागांपेक्षा एक जास्त आकड्याने, म्हणजे सातने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. आला ४,०५८. म्हणजे ४०.५८ मतं.

पहिल्या पसंतीची मतं अशी: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. हे पाच कोट्याच्या वर. सहाव्या जागेसाठी उरले दोघं: संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. ३३ मोठे की २७? आपल्या व्हॉट्सॲप पोलने पवारांना विजयी केलं असतं.

पण या पद्धतीत कोट्याच्या वरची मतं वाया जात नाहीत, ती पुढच्या पसंतीकडे सरकतात. गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी ७.४२ मतं जास्तीची होती, मिळून १४.८४. महाडिकांना कोटा गाठायला साडेतेरा मतांच्या आसपास हवी होती. दुसऱ्या बाजूच्या तीन विजेत्यांची जास्तीची मतं मिळून फक्त ६.२६. ती सगळी पवारांना धरली तरी बेरीज ३९.२६. कोट्याच्या खाली. महाडिक निवडून आले.

कुणी म्हणेल हा आकड्यांचा खेळ झाला. पण पद्धत आधीपासून लिहिलेली होती, दोन्ही बाजूंना माहीत होती, आणि कुणाला पहिली पसंती किती द्यायची याचा हिशेब दोन्ही बाजू करतच होत्या. नियम आधी माहीत असणं ही इथली महत्त्वाची गोष्ट.

आता पुढे. राज्यसभेच्या मतदानात आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेच्या निवडणुकीत मात्र मतदान गुप्त असतं. आणि ती निवडणूक बरोबर दहा दिवसांनी, २० जूनला होती. दहा जागा, अकरा उमेदवार, मतदार तेच आमदार, पद्धत तीच पसंतीक्रमाची. राज्यसभेला भाजपच्या तीन उमेदवारांची पहिल्या पसंतीची मतं मिळून १२३ होती. दहा दिवसांनी गुप्त मतदानात त्यांच्या पाच उमेदवारांची बेरीज १३०च्या पुढे गेली. सगळा फरक गुप्ततेमुळेच पडला असं मी म्हणणार नाही, त्या दहा दिवसांत आणखी बरंच काही शिजत होतं. पण 'मत दाखवायचं की झाकायचं' ही ॲपमधली किरकोळ सेटिंग नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

यातून ॲपसाठी मी एक नियम घेतला. एकाच जागी अनेक माणसं निवडायची असतील, म्हणजे मंडळाची कमिटी किंवा सोसायटीची कार्यकारिणी, तर जास्तीची मतं पुढे सरकवणारी ही पद्धत वापरायची. नाहीतर काय होतं? समजा कमिटीच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येकाला पाच मतं. शंभरातले ५१ एकत्र आले की पाचही जागा त्यांच्या, आणि ४९ लोकांचं कमिटीत कुणीच नाही. पुणे महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत चार-चार सदस्यांचे प्रभाग होते, तुमच्यापैकी काहींनी तिथे मत दिलं असेल. तिथे चारही जागांचं मतदान वेगवेगळं मोजतात, त्यामुळे प्रभागातली एकच बाजू चारही जागा नेऊ शकते.

न आलेल्याचं मत कुणाकडे धरायचं?

आता आपल्याकडची अशी एक निवडणूक, जिच्यात उमेदवार म्हणजे बाटली. हसू नका.

महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान घेता येतं. पुरेशा महिलांनी मागणी केली की सह्या तपासल्या जातात आणि मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. वाचता येत नसलं तरी कळतं. कुठल्याही डिझायनरने शिकावं असं चित्र आहे ते.

पण खरी मेख चित्रात नाही, भागाकारात आहे. २००८च्या शासन आदेशाप्रमाणे दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतदानापैकी नाही, एकूण यादीपैकी.

आकडे घालून बघू. समजा यादीत ४०० बायका आहेत. मतदानाला आल्या २५०. आडवी बाटली १९०, उभी ६०. आलेल्यांपैकी ७६ टक्के बायका म्हणतायत बंद करा. पण लागतात २०१. दुकान चालूच राहणार. ज्या १५० आल्या नाहीत, कुणी मजुरीला गेल्या, कुणाला घरातून सोडलं नाही, कुणी बाळंतपणाला माहेरी, त्या सगळ्यांचं मत नियमाने उभ्या बाटलीकडे धरलं. एकाही बाईने घरी बसून तसं म्हटलेलं नसताना.

हा नियम चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. एखाद्याचा परवाना बंद करायचा तर भक्कम बहुमत हवं, हे एक म्हणणं. दुकानदाराने फक्त बायकांना घरी थांबवलं की काम झालं, हे दुसरं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण कोड लिहिणारी म्हणून मला एवढं दिसतं की भाजकात कोणता आकडा टाकायचा, 'आलेले' की 'एकूण', या एका व्हेरिएबलवर एका गावातल्या घरांचं रोजचं आयुष्य ठरू शकतं.

सोसायटीतही हेच. पुनर्विकासासाठी २०१९च्या शासन निर्णयात एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती लागते, सभेला आलेल्यांच्या नाही. घर पाडायचंय, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण गेटला कुठला रंग द्यायचा यालाही तोच नियम लावला तर सोसायटीत काहीच होणार नाही, कारण दहा जण मुंबईत आहेत आणि नोटिफिकेशन म्यूट करून बसलेत. उलट बाजूने, चोवीसपैकी नऊ जणांनी टिक केलं आणि पाच-चारने लाखभराचा खर्च मंजूर झाला, हेही नको.

याला जोडून आणखी एक: 'यातलं काहीच नको' हा पर्याय. आपल्या मतदान यंत्रावर नोटा आलं २०१३ पासून. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी ठरवलं की नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक. बटण तेच, पण आता त्याला वजन आलं. डेबियन नावाची लिनक्सची जी प्रणाली आहे, ती बनवणारे स्वयंसेवक जगभर विखुरलेले आहेत. ते आपले निर्णय २००३ पासून जोडीजोडीच्या पद्धतीनेच घेतात, आणि त्यांच्या प्रत्येक मतपत्रिकेवर 'यातलं काही नको' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. त्याला हरवता आलं नाही तो प्रस्ताव बाद. आपल्या पोलमध्ये 'पोहे की उपमा' विचारतात, ज्याला घरी जाऊन झोपायचंय त्याला बटणच नसतं.

मतदानच नको म्हणणारं गाव

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा म्हणून गोंड आदिवासींचं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यांच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखाद्याची हरकत असेल तर विषय पुढच्या सभेत जातो, पुन्हा चर्चा होते.

ऐकायला वाटतं, असं कधी काम होईल का? पण त्यांनी एक गोष्ट वेगळी काढली आहे. माहिती गोळा करणं, कायदा वाचणं, बाहेरच्या माणसांना बोलावून समजून घेणं, यासाठी अभ्यास गट. आणि निर्णयासाठी ग्रामसभा. अभ्यास गट निर्णय घेत नाही. त्यामुळे ग्रामसभेत येईपर्यंत लोकांना विषय माहीत झालेला असतो. आपल्या ग्रुपवर उलटं असतं. आधी पोल, मग 'अरे पण मला माहीतच नव्हतं', मग भांडण, मग 'अमुक हॅज लेफ्ट द ग्रुप'.

मात्र 'सगळ्यांची सहमती' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. कारण आपल्याकडे 'बिनविरोध' नावाचा प्रकारही आहे. २०२१च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली, कारण तिथे सरपंचपदाचा आणि जागांचा लिलाव झाल्याचं समोर आलं. विरोधात कुणी उभं राहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य होतं असं होत नाही. मेंढ्यात हरकत घ्यायला जागा आहे आणि हरकत घेतली तर काम थांबतं. लिलावात हरकतीला जागाच नाही. लूमिओ म्हणून न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं निर्णय घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सहमत, असहमत, तटस्थ यांच्यासोबत 'अडवा' असं चौथं बटण देता येतं. ते बटण असणं म्हणजे तुमची गप्प संमती गृहीत धरलेली नाही.

लिफ्टचं काय?

आता पुन्हा त्या चोवीस फ्लॅटकडे. तिथला एक प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता.

जोडीजोडीच्या पद्धतीत शेड जिंकली. माझ्या मते तीन पर्यायांतला एक निवडायचा तर हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण जिंकलेला पर्याय कुणासमोरही उभा केला तरी बहुमत त्याच्या बाजूने असतं. पण वरच्या मजल्यावरच्या आजींचं काय? गुडघ्यांमुळे त्या दोन महिने खाली उतरलेल्या नाहीत. त्यांचं मत एकच, आणि वीकेंडला येणाऱ्या माणसाचं मतही एकच. पसंतीक्रम एवढंच सांगतो की कुणाला काय आधी हवं. किती हवं, ते सांगत नाही.

मग शंभर गुण वाटून द्यायची सोय ठेवावी का? मी तोही विचार केला. पण लगेच प्रत्येक जण आपल्या आवडत्या कामाला शंभर आणि बाकीच्यांना शून्य देतो, आणि आपण पुन्हा एक माणूस एक मत यावर येतो. जो प्रामाणिकपणे वाटून देईल, त्याचंच नुकसान.

म्हणून मला वाटतं, काही प्रश्न मतदानाला टाकायचेच नसतात. आजींना घराबाहेर पडता येणं हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तो आधी सोडवायचा, किंवा निदान वेगळा काढायचा: लिफ्ट करायचीच आहे, ती यंदा की पुढच्या वर्षी, पैसे कसे जमवायचे, एवढ्यावरच मतदान. यासाठी ॲपमध्ये कोणतंही फंक्शन नाही. पोल टाकणाऱ्याने विचार करायचा असतो.

तर आता ॲप असं आहे. मतदान सुरू करण्याआधी गटाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात, नाहीतर ते पुढे जाऊच देत नाही. एक: मतं कशी मोजणार, आणि त्याचं साध्या मराठीत एका ओळीत स्पष्टीकरण स्क्रीनवर दिसतं. दोन: न आलेल्यांना कसं धरणार, आणि निदान किती जणांनी मत द्यायला हवं. तीन: मत कुणाला दिसणार आणि कधी. 'यातलं काही नको' हा पर्याय आपोआप येतो, काढता येत नाही. आणि मतदान संपेपर्यंत आकडे कुणालाच दिसत नाहीत, ॲडमिनलाही नाही.

एक सूचना सोसायटीवाल्यांसाठी. ॲपमधलं मतदान म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे. कायद्याने जे सभेत व्हायला हवं ते सभेतच करा. ॲपचा उपयोग सभेआधी सगळ्यांचं म्हणणं कळायला.

आणि ज्यांना माझं ॲप वापरायचं नाही, त्यांनी नुसता व्हॉट्सॲपवर पोल टाकतानाही एक करून बघा. पर्याय लिहिण्याआधी वरती एक मेसेज टाका: कितीपर्यंत टिक करायचे, कधीपर्यंत, निदान किती मतं हवीत, आणि बरोबरी झाली तर काय. चार ओळी होतात. टाकून बघा आणि तुमच्या ग्रुपवर काय झालं ते मला कळवा. सगळ्यांनी मिळून 'यातलं काही नको' निवडलं असेल, तर ते आधी कळवा.

भेटू पुढच्या भागात. पावसाळ्यात घाटात सेल्फी काढायला गाडी थांबवू नका, मागून ट्रक येत असतो. यावर मात्र मतदान नाही.